द्वारकाबाईंचं कार्ड

"मला काहीतरी द्या हो करायला," द्वारकाबाई म्हणाल्या.

"बसा तुम्ही. तुम्हाला नाही हो जमायचं," मी म्हटलं.

मी ते इतक्या मऊ आवाजात म्हटलं की पलीकडे रहाटावर नळ्यांवर सूत गुंडाळून कांड्या भरणाऱ्या हौसानं हात थांबवून माझ्याकडे पाहिलं. एरवी माझा आवाज मऊ नव्हता. मनोरुग्णांच्या इस्पितळात तीस बायकांची कामशाळा चालवायची तर आवाज खणखणीतच लागतो.

द्वारकाबाई भिंतीकडच्या बाकावर बसल्या आणि दोन्ही हात त्यांनी मांडीवर ठेवले. तो बाक माझ्या टेबलाच्या अगदी समोर होता. त्याच सकाळी मी तो आयाकडून तिथं सरकवून घेतला होता.

ही एकोणीसशे अडुसष्ट सालच्या फाल्गुनातली गोष्ट. मी सत्तावीस वर्षांची होते. मुंबईला व्यवसायोपचाराचं शिक्षण घेऊन त्या जिल्ह्याच्या गावी सरकारी नोकरीत आले, त्याला तीन वर्षं झाली होती. व्यवसायोपचार म्हणजे काय, हे तेव्हा घरच्यांनाही समजावून सांगावं लागे. आजारानं विस्कटलेल्या माणसाला हातानं करायचं काम द्यायचं. आधी अगदी सोपं, मग एकेका पायरीनं अवघड. हात कामाला लागला की मन हळूहळू त्याच्यामागून येतं. "म्हणजे वेड्यांना सूतकताई शिकवतेस," असं माझे काका म्हणत, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

आमची कामशाळा म्हणजे इंग्रजांच्या वेळचा घोड्यांचा तबेला. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी. सतरंज्यांचे दोन माग, खाटांची नवार विणायचे तीन छोटे माग, चार रहाट आणि शिवणाची दोन यंत्रं. भिंतीवरच्या फळीवर पाच कात्र्यांचे आकार काळ्या रंगानं काढलेले होते. संध्याकाळी एक जरी आकार रिकामा दिसला तरी कोणाला बाहेर सोडायचं नाही, असा नियम होता. मागांच्या धोट्यांची खटकखटक सकाळी नऊला सुरू व्हायची. सुताच्या कांजीचा आंबूस वास यायचा. एखादी मध्येच मोठ्यानं ओवी म्हणायला लागायची, दुसरी तिला शिव्या द्यायची, आणि दोघींचे हात मात्र थांबायचे नाहीत. इतकी वर्षं झाली, इतक्या जागी राहून झालं, पण मला विचाराल तर माझं घर तेच होतं.

प्रत्येकीचं एक कार्ड असे. लक्ष, हात, समज, स्वभाव, असे चार रकाने, प्रत्येकात दहापैकी गुण. दर शनिवारी मी ते भरायची. चारशे रोग्यांमागे डॉक्टर एकच, डॉक्टर उकिडवे. ते बिचारे पाहणार तरी किती? दर तीन महिन्यांनी भेट-समिती यायची आणि कोणाला घरी सोडायचं ते ठरवायची. समितीपुढे डॉक्टर आधी माझं कार्ड ठेवत.

द्वारकाबाई सबनीस माघात दाखल झाली होती. समोर मी तिला अहोजाहोच करायची, पण मनात ती कायम एकेरीच होती आणि आता खोटं लिहिण्यात अर्थ नाही. वय अठ्ठावन्न. नवरा वारल्यावर तिनं अन्नपाणी सोडलं, बोलणं सोडलं, अंथरूण सोडेना. औषधं झाली, शॉक दिले. ती उठून बसली, जेवू लागली, विचारलं तर उत्तर देऊ लागली. मग एक दिवस डॉक्टरांनी तिला माझ्याकडे पाठवलं.

"प्रधानबाई, माझं काम संपलं," ते म्हणाले. "आता ती तुमच्या हातात."

नाव वाचलं तेव्हाच मला कळलं होतं. चेहरा पाहिला आणि खात्री पटली. तिनं मला ओळखण्याचं कारण नव्हतं. तिनं मला शेवटचं पाहिलं तेव्हा मी तेरा वर्षांची परकरी पोर होते.

"प्रधान?" पहिल्या दिवशीच तिनं विचारलं. "कुठले प्रधान तुम्ही? पेणचे प्रधान आमचे व्याही होते."

"प्रधान काय, पन्नास गावांत आहेत," मी म्हटलं. "बसा तुम्ही."

ती बसली. दुसऱ्या दिवशी बसली. तिसऱ्या दिवशी तिनं काम मागितलं, तेव्हाचं बोलणं वर सांगितलंच आहे. त्यानंतर ती रोज मागायची आणि मी रोज तेच, त्याच मऊ आवाजात सांगायची.

कामशाळेत काम न करता बसणं ही काय शिक्षा आहे, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आजूबाजूला एकोणतीस बायकांचे हात चाललेले. समोर सूत, वेत, कापड, दोरे. आणि आपण पाहुण्यासारखं बसायचं, नऊपासून बारापर्यंत आणि दोनपासून पाचपर्यंत. पहिल्या आठवड्यात तिची बोटं मांडीवर आपोआप हलायची, काहीतरी वळल्यासारखी, निवडल्यासारखी. मी कार्डं भरता भरता ती बोटं पाहायची. मला बरं वाटायचं. ते मी आजही नाकारत नाही.

शनिवारी मी तिचं कार्ड भरलं. "कांड्या भरणे. तीन दिवस प्रयत्न. धागा तोडते. मध्येच उठते. लक्ष: शून्य. हात: एक." दिलंच नव्हतं त्या कामाची मी नीट, सुवाच्य अक्षरात नोंद केली.

चैत्रात तिची मुलगी आली. शैला तिचं नाव. इंदूरला दिलेली, चाळिशीतली, थकल्या चेहऱ्याची बाई. आईला भेटून ती कामशाळेच्या दारात आली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, एक विचारायचं होतं. आईला येत्या समितीत सोडतील ना?"

"ते समिती ठरवते."

"डॉक्टर म्हणाले, कार्डावर आहे सगळं." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "ह्यांची बदली झालीय गुवाहाटीला. वैशाखात निघायचंय. ह्यांचं म्हणणं, आपलं आपण करणारी असेल तर ने, बसून राहणारं माणूस घरात नको. त्यांचंही खरं आहे हो, दोन खोल्यांची जागा. पण आता नाही नेलं तर मग कोण नेणार? भाऊ आफ्रिकेत. तो पत्राचंही उत्तर देत नाही."

"त्यांचं लग्न झालंय ना?"

"दुसरं." ती म्हणाली. "पहिली वहिनी वारली."

"कशानं?"

"तापानं म्हणतात. मी तेव्हा इकडे नव्हते." तिनं माझा हात धरला. "बाई, आईच्या हाताला फार काम होतं हो. आमच्या आळीत मुंजीच्या शेवया-गव्हले करायला सगळ्या तिला बोलवायच्या. तिच्या हातची शेवई केसासारखी. तुम्ही थोडं लक्ष घाला. एवढं कार्डावर यायला हवं."

"माझं लक्ष आहे त्यांच्याकडे," मी म्हटलं.

हे अक्षरशः खरं होतं.

हौसाला मात्र ते पटत नव्हतं. हौसा कराडकडची. मागच्या वॉर्डात अकरा वर्षं काढलेली, तिला न्यायला कोणी येणार नव्हतं आणि तिचं त्याबद्दल काही म्हणणंही नव्हतं. तिला मधूनच आवाज ऐकू यायचे आणि ती त्यांच्याशी भांडायची, पण एरवी तिच्याइतकं शहाणं माणूस त्या तबेल्यात नव्हतं. मला धरूनच म्हणते.

"बाई, म्हातारीला काम द्या की वो," ती म्हणायची. "हात शिवशिवत्यात तिचं. बगा तरी."

"तिला जमत नाही हौसा."

"मला जमत हुतं व्हय पयल्यांदा? गाठीच गाठी निस्त्या. तवा तुमी म्हनला, हौसा, गाठ तर गाठ, भर तू. मंग हिला का न्हाई म्हनत?"

"तू तुझ्या कांड्या बघ."

"बगतीयाच की," हौसा म्हणाली आणि तिनं रहाटाला असा हिसका दिला की सूत तुटलं.

समितीला दहा दिवस राहिले असताना एका दुपारी हौसानं कांड्यांची टोपली माझ्यापुढे आणून आदळली. चेहरा अगदी फुललेला. "मोजा, बाई. आज दुप्पट!"

मी एक कांडी उचलली. हौसाच्या कांड्या मला पाठ होत्या. मध्ये पोट सुटलेलं, एका टोकाला जास्त सूत, कुठंतरी गाठ. टोपलीतल्या अर्ध्या तशाच होत्या. उरलेल्या अर्ध्या दोन्ही टोकांना सारख्या निमुळत्या होत गेलेल्या, एकावर एक पदर, बोट फिरवलं तर कुठं अडत नव्हतं. रहाटावर नाही, हातानं भरलेल्या होत्या. तीस बायकांपैकी असा हात एकीचाही नव्हता. बाकाखालून ती हौसाकडून रिकाम्या नळ्या आणि सूत घेत असणार आणि पदराआड भरत असणार. किती दिवस, कोण जाणे. बिचाऱ्या हौसाला त्या कौतुकानं दाखवल्यावाचून राहवलं नाही, आणि काम हातावरून ओळखू येतं हे ती विसरली.

मी टोपली उचलली, द्वारकाबाईच्या समोर फरशीवर बसले आणि त्या नितळ कांड्यांपैकी पहिली घेऊन उलगडायला सुरुवात केली.

"बाई!" हौसा ओरडली. "आवो, चांगल्या हायती त्या!"

मी उलगडत राहिले. धोट्यांची खटकखटक एकेक करून थांबली. सगळा तबेला बघत होता. सूत माझ्या मांडीवर, मग फरशीवर, मग माझ्या पायांभोवती साठत गेलं. अकरा कांड्या होत्या. अकराही उलगडल्या.

द्वारकाबाई हात मांडीवर ठेवून पाहत होती. ती रडली नाही. शेवटची कांडी रिकामी झाली तेव्हा तिनं फक्त विचारलं, "मी काय केलंय तुमचं?"

"काही नाही," मी म्हटलं. "बसा तुम्ही."

त्या शनिवारी मी कार्डावर लिहिलं: "सुताचा गुंता करते."

समितीच्या दिवशी मी आयाला सांगून तिला सकाळी आठलाच, बाकीच्या यायच्या आधी, कामशाळेत बोलावून घेतलं. अकरा वाजता समिती बसायची होती. कार्ड डॉक्टरांच्या टेबलावर जाऊन पडलं होतं. माझं काम झालं होतं. पण कोणी मारलं हे ज्याला माहीत नाही, त्याला मारून काय उपयोग? तिला कळायला हवं होतं.

"द्वारकाबाई," मी म्हटलं, "तुम्ही विचारलंत ना, कुठले प्रधान म्हणून? पेणचेच. यमू माझी बहीण."

ती पुढे वाकून माझा चेहरा पाहू लागली. मग म्हणाली, "शालू."

मला वाटलं नव्हतं तिला माझं नाव आठवेल.

"तुला चकल्या आवडायच्या," ती म्हणाली. "मोडक्या वेचून खायचीस."

त्या दिवाळीलाच मी शेवटची त्यांच्या घरी गेले होते. यमू माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. लग्नानंतर वर्षानं तिला मूल झालं ते मेलेलं. ती रडायची, रात्रीची उठून बसायची. द्वारकाबाईनं आळीत सांगितलं की सुनेच्या डोक्यावर परिणाम झालाय. आणि मग तिनं यमूच्या हातातलं काम काढून घेतलं. आधी विळी. मग चूल. मग सुई. ओरडून नाही, मारून नाही. त्या घरात यमूवर कोणी कधी हात उगारला नाही. "बस हो यमू, तुला नाही हो जमायचं," एवढंच, अगदी मऊ आवाजात. माझ्या डोळ्यांदेखत ती माजघराच्या दारामागे मूठभर तांदूळ घेऊन निवडत बसली होती, चोरून. द्वारकाबाई आली, तिनं तिच्यापुढचं सूप उचललं आणि तेच म्हणाली. यमू भिंतीला टेकून बसली, हात मांडीवर. मी आठ दिवस होते आणि आठही दिवस ती तशीच होती. त्या घरात तेव्हा चकल्या, शंकरपाळे, रांगोळ्या, दिवे, सगळं चाललं होतं.

दोन वर्षांनी तिला माहेरी आणून टाकलं तेव्हा तिला पोलक्याची बटणं लावता येत नव्हती. माझी आई लावून द्यायची. त्या पावसाळ्यात ती गेली. दाखल्यावर ताप आहे. माणसाचे हात रिकामे ठेवले तर त्याचं काय होतं, हे मी मुंबईला शिकायला जायच्या आधीच पाहिलं होतं.

"मला भीती वाटायची," द्वारकाबाई म्हणाली. "तिच्या हातात विळी बघितली की माझा जीव उडायचा."

"विळीचं समजलं. आणि तांदूळ? तांदूळ निवडून कोण मरतं?"

तिनं मांडीवरच्या हातांकडे पाहिलं.

"दोन वर्षं तुम्ही तिला बसवलंत," मी म्हटलं. "मी तुम्हाला सहा आठवडे बसवलं. आता ते लोक तुम्हाला मागच्या वॉर्डात पाठवतील आणि शैलाताई गुवाहाटीला जातील. माझ्या कार्डावर तुम्हाला सुताची कांडीसुद्धा भरता येत नाही."

बाहेर बायका रांगेनं यायला लागल्या होत्या. ती उठली, लुगडं सारखं केलं आणि आपल्या बाकावर जाऊन बसली.

समितीत तीन माणसं होती. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश, सावकाश बोलणारे, कानाशी हात नेणारे. एक सिव्हिल सर्जन, एक समाजसेविका. ते त्या दिवशी कचेरीत न बसता कामशाळेतच आले, बायका काय करतात ते बघायला. डॉक्टर उकिडवे एकेक कार्ड वाचून दाखवत होते. सबनीसांचं कार्ड आलं. शैला दाराशी उभी होती.

"लक्ष शून्य, हात एक," डॉक्टरांनी वाचलं आणि चष्मा वर केला. त्यांना वाईट वाटल्याचं दिसत होतं. "माझी अपेक्षा जास्त होती. पण सहा आठवड्यांत कामात प्रगती नाही."

"परगती कुठनं हुईल!" हौसा रहाटामागून उठून उभी राहिली. "सायेब, बाईनं तिला कामच दिल्यालं न्हाई! म्या चोरून दिलं तर बाईनं समदं उलगडून टाकलं! इचारा म्हातारीला!"

आया तिला बसवायला धावली. न्यायाधीशांनी हात वर केला.

"थांबा. त्यांना बोलू द्या." ते माझ्याकडे वळले, मग डॉक्टरांकडे, आणि मग बाकाकडे. "सबनीसबाई, या म्हणतात ते खरं आहे का? घाबरू नका. तुम्हाला इथं काम दिलं जात नव्हतं?"

सरकारी कागदावर सहा आठवडे खोटं लिहिलं होतं. एक 'हो' पुरला असता. माझी नोकरी गेली असती, पुन्हा कुठल्या इस्पितळात मला उभं केलं नसतं, आणि ती त्याच संध्याकाळी मुलीबरोबर इंदूरच्या गाडीत बसली असती.

द्वारकाबाईनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं मला ठाऊक नाही, पण तिनं ते नीट निरखून पाहिलं.

"नाही साहेब," ती म्हणाली. "बाई रोज द्यायच्या. माझ्याच हातून होईना."

"या बाई सांगताहेत त्या कांड्या?"

"हौसाला भास होतात."

"मला भास?" हौसा किंचाळली. "म्हातारे, मला भास?"

समाजसेविकेनं टेबलावरची एक रिकामी नळी आणि सूत उचलून तिच्यापुढे धरलं. "एकदा करून बघता?"

तिनं सुताकडे पाहिलं. हात मांडीवरून हलले नाहीत.

"नको," ती म्हणाली.

शैला दारात तोंडावर पदर घेऊन रडत होती. न्यायाधीशांनी कार्डावर सही केली आणि डॉक्टरांनी पुढचं कार्ड काढलं.

मी जिंकले होते, आणि रविवारभर मला अन्न गेलं नाही. पश्चात्तापानं नव्हे. माझ्या हातातली गोष्ट कोणीतरी सरळ काढून घेऊन गेलं होतं आणि मला ती कशी परत घ्यायची कळत नव्हतं.

सोमवारी द्वारकाबाई मागच्या वॉर्डातल्या बायकांबरोबर रांगेतून आली आणि त्याच बाकावर बसली. मी स्वतः एक रहाट उचलून तिच्यापुढे नेऊन ठेवला. सूत ठेवलं, नळ्या ठेवल्या.

"घ्या," मी म्हटलं. "भरा."

"नको."

"पुढच्या समितीत मी नवीन कार्ड देते. खरं लिहून देते. तुमच्या जावयांना मी स्वतः पत्र घालते, ते गुवाहाटीहून कोणाला तरी पाठवतील."

"नको," ती पुन्हा म्हणाली.

मी तिच्याशेजारी बसले. "परवा खरं का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुझी नोकरी गेली असती," ती म्हणाली. मला तू म्हणण्याची ही दुसरी वेळ. आवाज शांत होता, घरातल्या पोरीला समजावावं तसा. "मग तू माझं वाटोळं केलंस, मी तुझं केलं, फिटाफिट झाली असती आपली. इतक्या स्वस्तात का सोडू तुला?"

"म्हणजे?"

"यमूचं माझ्या अंगावर आहे. ते माझ्याबरोबर जाईल, माहीत आहे मला. माझं तुझ्या अंगावर राहू दे. तुझ्या हातून एक धागा घ्यायची नाही मी. तू बघत असताना काडी उचलायची नाही. रोज येईन आणि तुझ्यासमोर बसेन. भर तुझी कार्डं."

तिनं शब्द पाळला. नवार, वेत, शिवण, मी एकेक तिच्यापुढे नेऊन ठेवलं. तिनं नजरसुद्धा वळवली नाही. शैलाची पत्रं आधी दर महिन्याला येत होती, मग संक्रांतीला, मग नाही.

पुढच्या वर्षी चुलतबहिणीच्या लग्नासाठी मी चार दिवस ठाण्याला गेले. माझ्यामागे सिस्टर फर्नांडिस कामशाळा उघडायच्या. परत आले त्या सकाळी दाराशी पोचते तोच आत काहीतरी फरशीवर पडल्याचा आवाज झाला. धोटा होता. द्वारकाबाई नवारीच्या मागावरून उठून बाकावर जाऊन बसली होती आणि मागावर चार हात लांब नवार होती, पांढरी आणि निळी, काठ एका रेघेत. तेवढी सरळ नवार त्या कामशाळेत मी तोवर पाहिली नव्हती.

हौसा त्या समितीपासून माझ्याशी बोलत नसे. त्या दिवशी बोलली.

"चार दीस म्हातारी गानी म्हनत हुती, बाई," ती म्हणाली. "अक्षी पोरीवानी. तुमची चप्पल वाजली आनि उटली."

मी मागाशी उभी राहून ती नवार बोटांनी चाचपली. द्वारकाबाई बाकावरून माझ्याकडे पाहत होती. तिच्या कपाळावर घामाचे थेंब होते, कामानं येतात तसे. तिच्या हातांना काम मिळावं यासाठी मला काय करायला हवं, हे आता दोघींनाही ठाऊक होतं. मी तिथं नसणं, एवढंच पुरेसं होतं.

त्याच श्रावणात मला बढती मिळाली. नागपूरला, मोठ्या इस्पितळात विभागप्रमुख म्हणून. हुकूम हातात पडल्यावर दोन दिवसांनी मी मुंबईला गेले, सचिवालयात तीन टेबलं फिरले, अर्ज केला आणि तो हुकूम रद्द करून आणला.

डॉक्टर उकिडव्यांना ते खरंच वाटेना. "बढती सोडून इथंच राहताय? या तबेल्यात?" मग त्यांचा आवाज जरा ओला झाला. "खरं सांगू प्रधानबाई, या बायकांवर तुमचा फार जीव आहे."

"हो," मी म्हटलं.

रविवारी कामशाळेला कुलूप असे आणि किल्ली माझ्याकडे. बाकीचे सहा दिवस मी नऊच्या ठोक्याला हजर असायची, तापात, पावसात, आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा. द्वारकाबाई त्यानंतर आठ वर्षं जगली. त्या आठ वर्षांत मी एकही रजा घेतली नाही.